ओल्या हातानं

सप्तापूर, धारवाड
१२ जानेवारी २०२५

चिरंजीव सुरज,

आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. माझ्या कानाचं यंत्र पुन्हा शिट्टी मारायला लागलं आहे. फोनवर तू बोललास की मला पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं ऐकू येतं आणि मी नुसतं हो हो म्हणतो. मागच्या वेळी कशाला हो म्हणालो ते अजून कळलेलं नाही. म्हणून लिहितो. तूही लिही, आणि अक्षर मोठं काढ. मी सातवी नापास माणूस, त्यात मोतीबिंदू.

भागीरथी अक्का डोळे दाखवायला धारवाडला आली होती. तिच्याकडून तुझी हकीकत कळली. तुमच्या हरणकोंडात तिचं घर नदीला लागूनच, त्यामुळे तिला सगळं दिसतं. म्हणाली, "तुमचा सुरज दर रविवारी एकटाच कोंडीवर जातो. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून लांब काठीनं हवेत दोरी फिरवतो, बैल नसताना चाबूक मारल्यासारखा. मासा लागतो, चांगला मोठा खडस लागतो, आणि हा त्याला सोडून देतो. मग रिकाम्या हातानं घरी."

हे खरं आहे काय? आपण मासे खाणारी माणसं. तुझा बाप अळणावरच्या ओढ्यात हातानं मासे धरायचा आणि बोटाएवढा असला तरी घरी आणायचा. बाजारात जाऊन भरलेली पिशवी रस्त्यात उलटी करून येणारा माणूस मी पाहिलेला नाही.

ते असो. मला घोर वेगळाच आहे. वरच्या धरणातून पाणी सोडतात. भोंगा वाजतो म्हणतात, पण वारा उलटा असला तर? दगडावर शेवाळ असतं. पाय घसरला तर हाक कोणाला मारशील? पाणीपुरवठ्याच्या पंपावर तुला माणसं आहेत, नदीवर कोणी नाही. तुझा बाप तापानं गेला तेव्हा तुझा हात माझ्या हातात देऊन गेला. तो हात अजून मी सोडलेला नाही, हे ध्यानात ठेव.

आणि सुनिता. दिवाळीला अमरगोळला माहेरी गेली ती अजून तिथेच आहे. मी दोनदा जाऊन आलो. ती चहा करते. तिचा बाप बोलतो. म्हणाला, "पाव्हणं, दर रविवारी रिकाम्या हातानं परत येणारा माणूस नदीवरच गेला होता कशावरून?" मी काय उत्तर देऊ?

पत्र पेटीत टाकलं की आत पडलं का म्हणून हात घालून बघतो. परवा बोटं अडकली. उत्तर लवकर दे.

तुझा
थोरला अप्पा (पुंडलिक)


हरणकोंड
२६ जानेवारी २०२५

थोरले अप्पा,

तुम्हांला आणि काकूंना नमस्कार. अक्षर मोठं काढतो आहे, जमेल तेवढं.

भागीरथी अक्का म्हणाली ते खरं आहे. बेळगावचे एक निवृत्त मेजर इथं यायचे. त्यांची सामानाची पेटी मी उचलायचो. गुडघे गेल्यावर त्यांनी काठी, चक्री, दोर सगळं मला दिलं आणि म्हणाले, शिकशील तर एक गोष्ट आधी शीक, सोडायचं कसं ते. धरायचं नंतर आपोआप येतं.

आमिष लावत नाही मी. कोंबड्याचं पीस आणि रेशमी दोरा घेऊन गळावर माशी बांधतो. दोरा सुनिताच्या शिवणाच्या डब्यातला आहे, लाल. तिला माहीत आहे. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकतो, म्हणजे काढताना माशाच्या तोंडाला जास्त फाटत नाही. दोर हवेत मागेपुढे खेळवायचा, म्हणजे बिनवजनाची माशी लांब जाऊन पाण्यावर अलगद बसते. खडस खालून वर येतो, घेतो, आणि मग दोन्ही हातांना कळतं की नदीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे.

त्याला फार दमवायचं नाही. जवळ आला की आधी आपला हात ओला करायचा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं तो सडतो. पाण्याबाहेर उचलायचं नाही. तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली हात धरायचा आणि थांबायचं. ढकलायचं नाही. अंगात दम आला की तो आपणहून हातातून जातो.

सोडतो का, तर पूर्वी या कोंडीत पुष्कळ होते म्हणतात. स्फोट करून, ब्लीचिंग टाकून माणसांनी संपवले. आता मोठे मोजकेच आहेत आणि तेच अंडी घालणारे. एका मादीला मी दोन हिवाळे ओळखतो. तिच्या शेपटीच्या वरच्या पात्यातून कोणीतरी चावून घेतल्यासारखा अर्धगोल तुकडा गेलेला आहे. दोनदा ती गळाला लागून माझ्या हातून परत पाण्यात गेली आहे. दुसऱ्यांदा लागली तेव्हा मला वाटलं, म्हणजे पहिल्यांदा मी नीट सोडली होती.

एकटा का जातो, ते मला सांगता येणार नाही. दोघं असली की बोलणं होतं.

भोंगा दोन मैलांवर ऐकू येतो. परवाना माझ्या खिशात असतो. होळीनंतर पाणी आटतं आणि तापतं, तेव्हा मासा लवकर दमतो, म्हणून होळीला मी काठी बांधून ठेवतो ती दसऱ्यापर्यंत. म्हणजे तुमचा घोर आता महिना-दीड महिन्याचाच आहे.

सुनिताला माझं काय सांगायचं ते मी सांगून झालं. तिच्या वडिलांना कसं सांगायचं ते मला येत नाही.

तुमचा
सुरज


सप्तापूर, धारवाड
९ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव सुरज,

पत्र तीनदा वाचलं. शेजारच्या वादिराज मास्तरांनाही वाचायला दिलं, माफ कर, काही अक्षरं लागत नव्हती. ते हसले. म्हणाले, "पुंडलिकराव, हा माणूस मासे धरत नाही, मासे विचारपूस करून पाठवतो. मधुमेहाचा दवाखाना आहे हा." मीही हसलो, पण मनातून नाही.

हात ओला करायचा, पोटाखाली धरायचं, हे तू लिहिलंस ते मला पटलं. मला न पटलेलं एवढंच, की हे बघितलं कोणी? तू एकटा, नदी मुकी, मासा गेलेला. उद्या सुनिताच्या बापासमोर मी काय ठेवू? बाजार समितीत तोलारी करण्यात त्याचं आयुष्य गेलं. पोतं काट्यावर ठेवल्याशिवाय तो कोणाचं ऐकत नाही. त्याच्या तोंडून मी ऐकलं, तुझं दांडेलीत कुठे तरी बिऱ्हाड आहे म्हणून. सुनिता आतल्या खोलीत होती. ऐकलं असेल.

तेव्हा एक फोटो काढ. मासा आणि तुझं तोंड एकाच फोटोत पाहिजे, नुसता मासा असला तर बाजारातला म्हणतील. मोठा मासा असू दे. फोटो तुझ्या चुलतभावाच्या, परशुरामच्या फोनवर पाठव. तो मला मोठा करून दाखवील.

एवढं केलंस की मी स्वतः अमरगोळला जाऊन सुनिताला घेऊन येतो बघ.

बेलूरच्या कारखान्यात मी रात्रपाळीचा पहारेकरी होतो, तेव्हा कुलूप लावलं का म्हणून परत जाऊन ओढून बघायचो. लोक हसायचे. पण एकदाही चोरी झाली नाही. ओढून बघण्यात काही वाईट नाही रे.

तुझा
थोरला अप्पा


हरणकोंड
२ मार्च २०२५

थोरले अप्पा,

राग मानू नका. फोटो मला काढता येणार नाही.

दुसरं कोणी असतं तर पाण्यातच धरून काढला असता. एकट्याला एक हात माशाला, एक काठीला. फोन दगडावर टेकवून, तोंड फोटोत यायचं तर मासा छातीपर्यंत उचलावा लागतो. आपलं डोकं पाण्यात दाबून धरलं तर आपल्याला जेवढा वेळ चालेल, तेवढाच त्याला बाहेर चालतो. धावून आलेल्या माणसाचं डोकं दाबावं तसं आहे ते, कारण तो आधीच दमलेला असतो.

होळीला काही दिवसच राहिले. दसऱ्यानंतर पंपावरच्या कोणाला तरी एक दिवस सोबत नेईन आणि नीट फोटो काढून घेईन. तोवर सासऱ्यांना म्हणावं, थांबा.

काकूंच्या गुडघ्याला काय म्हणाले डॉक्टर?

सुरज


सप्तापूर, धारवाड
२८ मार्च २०२५

सुरज,

थांबायला सांगितलं. तो थांबत नाही. वकिलाला विचारून आलो म्हणाला. पाडव्यानंतर बैठक बसवणार आहे, दोन्हीकडची चार-चार माणसं. सुनिताला मी विचारलं, "पोरी, तुझं काय म्हणणं आहे?" ती म्हणाली, "मामा, माझं म्हणणं मी त्यांना सांगितलंय." दोघंही एकमेकांना सांगून बसलेत आणि मी बहिरा मधे उभा.

दसरा लांब आहे. तोवर संसार राहत नाही, मासा राहील. एका माशाचं एवढं काय? तू किती सोडलेस, त्यातला एक घटकाभर वर धरलास तर आभाळ कोसळणार नाही. होळी झाली असली तरी नदी काही पळून गेलेली नाही.

माझं वय झालं. जाण्याआधी तुझं घर मार्गी लागलेलं बघायचं आहे. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. आता नाही म्हणू नकोस.

अप्पा


हरणकोंड
१३ एप्रिल २०२५, रविवार

थोरले अप्पा,

शपथ घालायला नको होती. पण फोटो काढला. परशुरामच्या फोनवर आता संध्याकाळी रेंज मिळाल्यावर पाठवला आहे. उद्या जयंतीची सुट्टी, म्हणून हे पत्र परवा सकाळच्या टपालात जाईल.

पाणी फार कमी झालं आहे आणि हाताला कोमट लागतं. गेल्या रविवारी काही लागलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आज सकाळी लागला. दोर ज्या तऱ्हेनं गेला त्यावरून मी ओळखलं, तीच आहे, शेपटी तुटलेली मादी. कोंडीत इतर मोठे आहेत, पण आली ती तीच.

तिनं मला खालच्या धोंड्यांपर्यंत नेलं. एरवी मी दोर तोडून टाकला असता, इतका वेळ झाला होता. पण फोटो हवा होता.

फोन दगडावर ठेवला. पहिल्या फोटोत माझं डोकं कापलं गेलं. दुसऱ्यात तिनं अंग झटकलं. तिसरा बरा आला, तो पाठवला आहे. त्यात मी हसतो आहे, ते कसं आलं कळत नाही.

मग तिला पाण्यात धरून बसलो. पाय बधिर होईपर्यंत बसलो. कल्ले हलत होते. एकदा वाटलं दम आला, पण ती गेली ती सरळ गेली नाही, थोडी एका अंगावर कलून गेली. खोल पाण्यात उतरलेली मी पाहिली. गेली असेल. मोठ्या माशाला वेळ लागतो.

तुमचं काम झालं असेल तर मला लिहा.

सुरज


सप्तापूर, धारवाड
१५ एप्रिल २०२५

चिरंजीव सुरज,

शंभर वर्षं जग. फोटो मिळाला. परशुरामनं बोटांनी ताणून मोठा केला. काय जनावर आहे रे ते. अंगावर सोन्याचे खवले, तुझ्या छातीवर मावत नाही. आणि तू हसतोयस. तुझ्या बापाचं हसू. तुझी काकू बघून रडली.

काल सकाळीच मी आणि परशुराम अमरगोळला गेलो. सुनिताच्या बापानं फोटो जवळ धरला, लांब धरला, शेवटी म्हणाला, "पंधरा किलो तरी असेल." म्हणजे मान्य. बैठक रद्द. सुनितानं फोन हातात घेतला आणि बराच वेळ दिलाच नाही. मग म्हणाली, "एवढ्या उन्हाळ्यात कसे गेले? ते होळीनंतर जात नाहीत." मी म्हटलं, माझ्या शब्दाला मान दिला त्यानं. ती चहा टाकायला आत गेली.

आणि वर तू मासाही पाठवलास. बोलला नाहीस आधी, लबाडा. घरी परत आलो तर बस स्टँडवरून माणूस सागाच्या पानांत आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेला आस्सा खडस घेऊन दारात. भागीरथी अक्कानं सकाळच्या गाडीनं पाठवला. कंडक्टरबरोबर निरोप होता, सुरजचा मासा आहे, थोरल्या घरचा वाटा आधी. जुनी रीत अजून पाळते बिचारी. पहिला मोठा मासा थोरल्याच्या घरी जायचा, तुझ्या आज्याच्या वेळेपासून.

तुझ्या काकूनं चिंच घालून कालवण केलं. इतका गोड मासा मी जन्मात खाल्ला नाही. चार घरी वाटलं. व्याह्यांचा मान म्हणून डोकं आणि शेपटीकडचा तुकडा परशुरामच्या हाती अमरगोळला पाठवला. शेपटी एका बाजूनं थोडी तुटकी होती, त्याचं वाईट वाटलं, पण बसमध्ये दाबली गेली असेल. पोरांनी खवले धुऊन ठेवलेत, रुपयापेक्षा मोठे.

तू सोडून देतोस म्हणत होतास. शेवटी माझं ऐकलंस. समाधान वाटलं.

तुझा
थोरला अप्पा


सप्तापूर, धारवाड
१८ एप्रिल २०२५

सुरज,

तुझं तेरा तारखेचं पत्र काल दुपारी आलं. माझं पत्र तिकडे निघून गेलं आहे. पोस्टात जाऊन विचारलं परत मिळेल काय. ते म्हणाले, आजोबा, गेलेलं पत्र परत येत नाही.

तू लिहिलं आहेस, शेपटी तुटलेली मादी. तू लिहिलं आहेस, सोडली.

मी परशुरामला पुन्हा फोटो मोठा करायला सांगितला. या वेळी तुझं तोंड नाही बघितलं.

भागीरथी अक्काला फोन लावून परशुरामनं विचारलं. ती म्हणाली, सोमवारी उजाडताना भांडी घासायला गेले तर खाली जांभळीच्या मुळांत पोट वर करून अडकला होता. ताजा होता. गळाची खूण ओठाला होती. सुरजशिवाय तिथं कोणी गळ टाकत नाही, म्हणजे त्याच्या हातून सुटलेला त्याचाच मासा, दुसऱ्यानं खाल्ला तर पाप. म्हणून पाठवला. तिचा काही दोष नाही. तिनं रीत पाळली.

सुनिताला पानात शेपटीचा तुकडा दिसला, तेव्हाच कळलं होतं. परशुराम सांगतो, तिनं ताट सारलं आणि हात धुऊन उठली. मला तीन दिवसांनी कळलं, तेही वाचून.

मी गोड लागला असं लिहिलं. ते वाचू नकोस. वाचलं असशील तर.

काटे काकूनं गुलबक्षीच्या आळ्यात टाकले होते. ते मी वेचून एका जागी पुरले. परसात एक मांजर येतं म्हणून वर दगड ठेवला. रात्री उठून दगड आहे का ते बघून आलो.

काहीतरी लिही.

अप्पा


सप्तापूर, धारवाड
२३ मे २०२५

सुरज,

महिना होऊन गेला. तुझं पत्र नाही. परशुरामला फोनवर "बरा आहे" एवढंच म्हणतोस. बरा आहे म्हणजे काय ते फोनवर दिसत नाही.

सुनिता परवा आली होती. मी तिला घेऊन येणार होतो, ती एकटीच बॅग घेऊन आली. हरणकोंडला निघाली आहे. निघताना तिचा बाप तिला म्हणाला, "बघितलंस ना, फोटोनं काम केलं." ती त्याला काय म्हणाली ते तिनं इथं सांगितलं, आणि परशुरामनं मला कानात ओरडून सांगितलं, म्हणून ऐकू आलं. म्हणाली, "फोटोच्या आधीही मला खरंच वाटत होतं. राग याचा होता, की मला सोबत नेत नाहीत. तुम्ही मला विचारलंत कधी?"

मी विचारलं होतं. पण तिनं चहा दिला की मी चहा पीत होतो.

पोरांकडचे सगळे खवले मी मागून घेतले. धाकटा रडला. एक खवला सुनिताबरोबर पाठवतो आहे. काय करायचं ते तू ठरव. मला नदीची रीत ठाऊक नाही.

अप्पा


हरणकोंड
१५ जून २०२५

थोरले अप्पा,

पत्र लिहायला बसत होतो आणि उठत होतो. तुमच्यावर राग नाही. हे आधी लिहितो, कारण तुम्ही पत्रात तेच शोधत बसाल.

शपथ तुम्ही घातली, पण दोर माझ्या हातात होता. तोडायला हवा होता तेव्हा मी तोडला नाही. पहिला फोटो बिघडला तेव्हाच तिला सोडायला हवं होतं. मी आणखी दोन काढले. फोटोत मी हसतो आहे, ते तुम्ही बघितलंतच. त्या क्षणी मलाही वाटलं होतं की लोकांनी बघावं.

इथल्या पाण्यात तिच्याएवढी दुसरी मी पाहिलेली नाही. पावसात ती वरच्या ओढ्यात अंडी घालायला गेली असती.

काठी चक्रीसकट बांधून माळ्यावर टाकली आहे. दसऱ्यानंतरही काढायची नाही असं ठरवलं आहे. तुमचा घोर मिटला.

सुनिता आली. खवला दिला. आम्ही दोघं जाऊन तो कोंडीत सोडला. सोडायच्या आधी मी हात ओला केला, सवयीनं. ती बघत होती. "खवल्यालापण?" म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी हसून बोलली, आणि मला हसता आलं नाही.

पाऊस सुरू झाला आहे. पंपावर गाळ येतो, काम खूप आहे.

सुरज


सप्तापूर, धारवाड
१६ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव सुरज,

दसरा झाला. सुनिता आपट्याची पानं घेऊन येऊन गेली. तू आला नाहीस, पंप सोडता येत नाही म्हणालास. मी विश्वास ठेवला. ठेवायला शिकतो आहे.

तिला विचारलं. या वेळी चहा बाजूला ठेवून विचारलं. म्हणाली, "मामा, मारत नाहीत, पीत नाहीत, वेळेवर घरी येतात. रविवारी अंथरुणात पडून छताकडे बघतात. नदीकडची खिडकी बंद ठेवतात. मी म्हटलं चला, मी काठावर बसते, बोलणार नाही. तर म्हणाले, माझ्या हातात आता ते राहिलेलं नाही."

बघ, मला जे जे हवं होतं ते सगळं झालं. तू नदीवर जात नाहीस, सुनिता घरी आहे, व्याही मला वाकून नमस्कार करतो. आणि मला झोप येत नाही.

तू लिहिलं होतंस, ढकलायचं नाही, दम आला की मासा आपणहून जातो. ते पत्र मी पाठ केलं आहे. जानेवारीत मी तुला लिहिलं होतं की तुझा हात मी अजून सोडलेला नाही. तो हात मी कोरडाच धरला होता रे. आता ढकलतो आहे असं वाटलं तर हे पत्र फाडून टाक. पण दोन हिवाळे तू तिला जिवंत सोडलीस ते त्या एका दिवसानं खोटं होत नाही. कोंडीत लहान आहेत ना? त्यांतलं एखादं तिचंच असेल. त्यांना धरायला तुझ्याशिवाय जे येतील ते ब्लीचिंग घेऊन येतील. ही गोष्ट भागीरथी अक्कानं सांगितली, माझ्या मनची नाही. तू नदीवर दिसायचास तोवर तिकडे कोणी फिरकत नव्हतं म्हणाली. सप्टेंबरात दोन रात्री मोटारसायकली आल्या होत्या.

तिला मी निरोपही पाठवला आहे. इथून पुढे मेलेला मासा मिळाला तर तुला येऊन सांगायचं, मला पाठवायचा नाही. थोरल्या घरचा वाटा थोरल्यानं सोडला.

शपथ घालत नाही. पुन्हा कधीच घालणार नाही. जायचं तर जा, न जायचं तर न जा. एकटा जायचं तर एकटा जा, पण सुनिताला आधी विचारून. फोटो काढू नकोस. किती मोठा लागला तेही मला लिहू नकोस, मी चार लोकांना सांगेन.

फक्त एक. भीती माझ्या अंगातून जात नाही, ती आता माझ्याबरोबरच जाईल. म्हणून पाकिटात पोस्टकार्डं घातली आहेत, माझा पत्ता माझ्याच हातानं लिहून. नदीवरून परत आलास की एक टाक. काही लिहायला नको. कोरं टाक. आलं की मला कळेल, भोंगा तुला ऐकू आला, पाय घसरला नाही, तू घरी आहेस. बाकीचं मी विचारणार नाही.

तुझा
थोरला अप्पा


सप्तापूर, धारवाड
१२ डिसेंबर २०२५

चिरंजीव सुरज,

दिवाळी गेली, नोव्हेंबर गेला, मी पोस्टमनला काही विचारलं नाही. तोच विचारायचा, आजोबा, तब्येत बरी आहे ना.

आज त्यानं कार्ड दिलं. वादिराज मास्तर ओट्यावर बसले होते. उलटंसुलटं करून म्हणाले, "पुंडलिकराव, यात तर काहीच नाही. कोरं आहे." मी म्हटलं, "आणा इकडे. तुम्हांला नाही वाचता यायचं."

दोनदा वाचलं. पत्त्याची शाई एका कोपऱ्यात पसरली आहे, बोटाएवढी. ओल्या हातानं धरलेलं दिसतं.

अप्पा